दिव्याचें आयुष्य आणि दिव्याचा उजेड

तेलाचा दिवा ज्या घरांत जळत असे, त्या घरांतील गृहिणीस दिव्याचा खर्च डोळ्यांनीं दिसत असे. बुधलींतील तेल किती उतरलें, वात किती जळली, कंदिलाची कांच केव्हां तडकली, हें सारें तिला ठाऊक असे. आणि म्हणूनच निजानीज झाली कीं वात बारीक करण्याची शिस्त घराघरांत आपोआप चालत आली. विजेचा दिवा आला आणि खर्चाची ही ओळख पुसली गेली. भिंतीवरील बटन दाबतांच उजेड पडतो. काय खर्च झालें, किती झालें, हें कांहींच दिसत नाहीं. महिनाअखेर बिल येतें, पण त्यांत दिवा, पंखा, इस्त्री, सारींच एकत्र मिसळलेलीं असतात. दिसतें तें एवढेंच कीं, बल्ब उडाला आणि नवा आणावयास बाजारांत पैसे मोजावे लागले. त्यामुळें विजेच्या दिव्याविषयीं एक समज घरोघर रूढ झाला: जो पुष्कळ दिवस टिकेल तो बल्ब चांगला, आणि जो लवकर उडेल तो वाईट. हा समज खोटा नाहीं. पण तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग कोणता, आणि तो सामान्य गृहस्थाच्या दृष्टीआड कसा राहिला, याचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा असून मोठा उद्बोधक आहे.

विजेनें उजेड पाडतां येतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच सिद्ध झाली होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हम्फ्री डेव्ही यांनीं कोळशाच्या दोन कांड्यांमधून वीज खेळवून डोळे दिपविणारी कमान लोकांना दाखविली. परंतु हा कमानीचा दिवा दीपगृहास किंवा भर चौकास शोभणारा. माजघरांत तो कोण लावणार? त्याचें तेज असह्य, त्याचे कोळसे वरचेवर बदलावे लागत, आणि जळतांना तो आवाजहि करी. घरासाठीं हवा होता लहान, सौम्य आणि बंदिस्त दिवा. त्याची कल्पना पुष्कळांस सुचली होती. कांचेच्या पोकळ गोळ्यांत एक बारीक तंतु ठेवावा, आंतील हवा काढून घ्यावी, आणि वीज सोडून तो तंतु तापवावा. हवा नसल्यानें तंतूची राख होत नाहीं, नुसता तो तेजानें फुलतो. अडचण एवढीच होती कीं, गोळ्यांतील हवा पुरती निघत नसे. इ. स. १८६५ च्या सुमारास हर्मान श्प्रेंगेल यांनीं पाऱ्याचा पंप तयार केल्यावर ही अडचण दूर होऊं लागली.

यानंतर इंग्लंडांत न्यूकॅसल येथें जोसेफ स्वॉन आणि अमेरिकेंत मेन्लो पार्क येथें थॉमस एडिसन हे दोघेहि एकाच काळीं या कामाच्या मागें लागले. स्वॉन यांनीं १८७९ च्या फेब्रुवारींत न्यूकॅसलच्या एका व्याख्यानांत आपला दिवा लावून दाखविला. एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सुती धाग्याचा कोळसा करून बनविलेला तंतु तेरा तासांहून अधिक काळ प्रकाशत राहिला. पुढें १८८३ मध्यें इंग्लंडांत या दोघांच्या नांवांची संयुक्त कंपनी निघाली, आणि श्रेयाचा तंटा तेथें तरी मिटला.

तेरा तास ही शास्त्रज्ञास मोठी मजल वाटली असेल. पण तेरा तासांचा दिवा विकत कोण घेणार? म्हणून एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत नाना वनस्पतींचे धागे जाळून पाहण्याचा सपाटा सुरू झाला. अखेर बांबूचा तंतु सर्वांत सरस ठरला. त्यांतहि जपानांतील क्योटो शहराजवळच्या बांबूस पसंती मिळाली. त्या तंतूचे दिवे हजार तासांहूनहि अधिक काळ टिकूं लागले. हजार तास हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. या कथेंत तो पुन्हां भेटणार आहे.

या नव्या दिव्याचें नवल जितकें, तितकीच त्याची भीतीहि होती. लंडनचें सव्हॉय नाटकगृह १८८१ मध्यें स्वॉन यांच्या दिव्यांनीं उजळलें, तेव्हां आग लागेल या शंकेनें प्रेक्षक धास्तावलेले होते. नाटकगृहाचे चालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनीं रंगभूमीवर येऊन, जळता दिवा तलम मलमलींत गुंडाळून सर्वांसमक्ष फोडला, आणि कापडास डागहि लागला नाहीं हें दाखविलें. पुढील वर्षीं, ४ सप्टेंबर १८८२ रोजीं, न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरच्या वीजघरांतून आसपासच्या कचेऱ्यांस व दुकानांस वीज मिळूं लागली. आरंभींचे दिवे अवघे चारशेंच्या आसपास होते.

दिव्याच्या किंमतीची हकीकतहि ऐकण्यासारखी आहे. एडिसन यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें, पहिल्या वर्षीं एक दिवा तयार करण्यास १ डॉलर १० सेंट खर्च येई आणि तो विकला जाई ४० सेंटांस. ही तूट त्यांनीं जाणूनबुजून सोसली. उत्पादन वाढत गेलें, यंत्रें सुधारलीं, आणि चौथ्या वर्षीं खर्च ३७ सेंटांवर उतरला. त्या एका वर्षांत मागील सारी तूट भरून निघाली. दिवा स्वस्त द्यावा आणि धंदा वाढवावा, हें धोरण विजेच्या दिव्याइतकेंच जुनें आहे.

अमेरिकेंतील कित्येक वीजकंपन्या तर याहून पुढें गेल्या. त्या गिऱ्हाइकास दिवे निराळे पैसे न घेतां बदलून देत. डेट्रॉइट शहरांत ही चाल १८८६ पासून होती: उडालेला बल्ब घेऊन कंपनीच्या कचेरींत जावें आणि नवा घेऊन यावें. हें औदार्य नव्हतें. त्यामागें चोख हिशेब होता. दिवा जुना झाला कीं मंद होतो, आणि गिऱ्हाईक दोष देतें तो विजेला. शिवाय कंपनीची खरी मिळकत दिव्यावर नसून दिव्यांतून वाहणाऱ्या विजेवर होती. बल्बाची किंमत अर्थात् विजेच्या दरांतच मिसळलेली असे. अखेर बल्ब विकणाऱ्या एका औषधविक्रेत्यानें या चालीमुळें आपला व्यापार बुडतो अशी फिर्याद केली, आणि १९७६ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कंपनीस मक्तेदारीविरोधी कायद्यांतून सूट नाहीं असा निर्णय दिला. फुकट मिळणारी वस्तु खरोखर फुकट असते काय, या प्रश्नाचें उत्तर त्या खटल्यांत आहे.

मुंबईकरांनाहि विजेचें नवल पाहण्यास फार थांबावें लागलें नाहीं. मुंबईच्या कांहीं रस्त्यांवर १८६५ मध्यें गॅसचे दिवे लागले होते. १८८२ मध्यें नगरपालिकेनें एका विद्युत् कंपनीशीं करार करून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि कांहीं रस्ते विजेनें उजळविण्याचें ठरविलें. मंडईंत वीज आली. पण पुढच्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें निघालें आणि मंडई पुन्हां गॅसकडे वळली. यानंतर शहरास वीस वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. १९०५ मध्यें नव्या कंपनीनें वाडीबंदर येथें वीजघर उभें केलें. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवूं लागली. १९१५ मध्यें घाटांतील तलावांचें पाणी खोपोलीच्या वीजघरांत पडून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं ती ट्रामची व विजेची कंपनी नगरपालिकेनें आपल्या ताब्यांत घेतली. या चाळीस वर्षांत शहरांतील कंदिलांची जागा हळूहळू बल्बानें घेतली. दिवेलागणीस दिव्याला हात जोडण्याची रीत मात्र सुटली नाहीं. समईपुढें जोडले जाणारे हात बटन दाबल्यावर बल्बापुढें जोडले जाऊं लागले. भाषेंत एवढा फरक पडला कीं, समई शांत होते, आणि बल्ब उडतो.

तो उडतो कां, हें कळल्याशिवाय पुढील कथा समजणार नाहीं. तंतु जितका अधिक तापेल तितका त्याचा उजेड अधिक पांढरा आणि त्याच विजेंत मिळणारा प्रकाशहि अधिक. पण तापलेल्या तंतूचे कण सतत उडून जात असतात. तेच कांचेच्या आंतल्या अंगास बसून बल्ब काळवंडतो. तंतूंत जेथें थोडी जागा बारीक पडते तेथें तो अधिक तापतो. अधिक तापला म्हणून अधिक झिजतो. आणि असें होतां होतां एके दिवशीं तेथेंच तुटतो. बहुधा हें बटन दाबण्याच्या क्षणींच घडतें. कारण थंड तंतूचा विजेस होणारा विरोध अगदीं थोडा असल्यानें, लावतांना क्षणभर नेहमींच्या कितीतरी पट वीज त्यांतून धांवते. उजेड आणि आयुष्य यांचें असें हाडवैर आहे. तंतु मंद ठेवावा तर तो वर्षानुवर्षें टिकतो. प्रखर ठेवावा तर लवकर जातो. दिवा बनविणाऱ्यास या दोहोंचा कोठेंतरी मेळ घालावाच लागतो.

पुढील संशोधन या वैरांतून वाट काढण्यासाठींच झालें. कर्बाच्या तंतूस एका मेणबत्तीइतक्या उजेडाला सुमारें साडेतीन वॅट वीज लागे. अधिक उष्णता सोसणारा धातु मिळाला तर तंतु अधिक तापवितां येईल, हें उघड होतें. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर यांनीं ऑस्मियम वापरून पाहिला; जर्मनींत १९०५ च्या सुमारास टँटॅलमचे दिवे निघाले. सर्वांत श्रेष्ठ ठरला टंगस्टन, ज्याचा रस होण्यास ३४२२ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. १९०४ मध्यें अलेक्झांडर यूस्ट आणि फ्रान्यो हानामान यांनीं टंगस्टनच्या तंतूचें पेटंट हंगेरींत मिळविलें. पण हा धातु इतका ठिसूळ होता कीं, त्याची तार ओढतां येईना. दिव्यास धक्का लागला कीं तंतु गळून पडे. अमेरिकेंतील विल्यम कूलिज यांनीं तीन-चार वर्षें खटपट करून १९१० च्या सुमारास त्याची लवचिक तार काढून दाखविली. १९१३ मध्यें अर्व्हिंग लँगम्युअर यांनीं याहून नवलाची गोष्ट केली. ज्या गोळ्यांतील हवा काढण्यासाठीं इतका आटापिटा झाला होता, त्यांतच त्यांनीं पुन्हां वायु भरला. मात्र तंतूस न जाळणारा. प्रथम नायट्रोजन आणि नंतर आर्गॉन. वायूच्या दाबामुळें तंतूचे कण सुटेनात, म्हणून तो अधिक तापवितां आला. मोठ्या आकाराच्या अशा बल्बांस एका मेणबत्तीइतक्या उजेडास अर्धा वॅट पुरे, म्हणून ते ‘हाफ वॅट’ दिवे म्हणून जगभर विकले गेले. दिव्याचा मोठेपणा त्या काळीं मेणबत्तीवरून मोजीत. आपल्याकडे ‘चाळीस कँडलचा दिवा’ हा शब्दप्रयोग वडीलधाऱ्यांच्या तोंडीं पुढेंहि पुष्कळ वर्षें राहिला.

इतकें झालें तरी मूळचें वैर मिटलें नाहीं. मेळ घालण्याची जागा मात्र वर सरकली. टंगस्टनच्या बल्बाचा नियम असा आहे कीं, विजेचा दाब नेमल्यापेक्षां शेंकडा पांच वाढला तर आयुष्य जवळजवळ निम्में होतें. उलट तो शेंकडा पांच कमी केला तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतें. पण उजेड शेंकडा पंधरा-सोळा उतरतो, आणि विजेचा खर्च मात्र आठच उतरतो. अर्थात् तितकाच उजेड पाहिजे असेल तर शेंकडा नऊ वीज अधिक मोजावी लागते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिव्हरमोर नांवाच्या गांवीं, तेथील अग्निशामक ठाण्यांत, १९०१ पासूनचा एक बल्ब अद्याप जळत आहे. लोक तो पाहून म्हणतात, पूर्वीचे दिवे असे असत! परंतु त्याचा उजेड आज अवघा चार वॅटच्या रात्रदिव्याएवढा आहे. एवढ्या उजेडांत पोरांचा अभ्यास व्हावयाचा नाहीं.

आतां ही जागा ठरवावयाची कोणी? येथें या इतिहासांतील सर्वांत गंभीर प्रकरण येतें. १९२४ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडांतील जिनिव्हा येथें जगांतील मोठमोठ्या बल्ब-कारखानदारांनीं एक संघ स्थापन केला. सूर्यदेवतेच्या ग्रीक नांवावरून त्यास ‘फीबस’ हें नांव दिलें. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, हंगेरीची टुंगस्राम, तसेच फ्रान्स, इंग्लंड व जपान येथील कारखानदार त्यांत सामील होते. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक कंपनी आपल्या परदेशांतील हितसंबंधांच्या द्वारें त्यांच्याशीं निगडित होती. संघानें जगाच्या बाजारपेठा आपसांत वांटून घेतल्या, आणि घरगुती बल्बाचें आयुष्य हजार तासांचें असावें असा दंडक घातला. त्या वेळीं पुष्कळ बल्ब दीड हजार ते दोन हजार तास टिकत असत. प्रत्येक कारखान्यास आपल्या बल्बाचे नमुने संघाच्या प्रयोगशाळेंत पाठवावे लागत. आणि बल्ब ठराविक मर्यादेपेक्षां जास्त टिकला तर कारखानदारास स्विस फ्रँकांत दंड भरावा लागे. वस्तु लवकर बिघडली म्हणून दंड झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. ती जास्त टिकली म्हणून दंड व्हावा, हें मात्र अपूर्वच म्हटलें पाहिजे.

कारखानदारांचें म्हणणें असें होतें कीं, हजार तासांच्या बल्बांत उजेड अधिक आणि विजेची बचत होते. शास्त्रदृष्ट्या तें निराधार नव्हतें. साठ वॅटचा बल्ब हजार तासांत साठ युनिट वीज घेतो. एका युनिटास आठ रुपये दर धरला तर ४८० रुपये झाले; बल्बाची किंमत त्यापुढें किरकोळ होय. दुप्पट आयुष्याचा मंद बल्ब वापरून हजार तासांत अर्ध्या बल्बाची किंमत वांचेल, पण तेवढ्याच उजेडासाठीं पांच युनिटांहून अधिक वीज जास्त जाईल. म्हणजे चाळीस-बेचाळीस रुपये. ब्रिटिश सरकारच्या मक्तेदारी आयोगानें १९५१ च्या अहवालांत संघाच्या अनेक प्रथांवर टीका करूनहि, हजार तासांची मर्यादा ही उजेड आणि आयुष्य यांमधील वाजवी तडजोड आहे असेंच मत दिलें.

मग दोष कशांत होता? दोष गुप्ततेंत होता. हिशेब बरोबर असेल, तर तो गिऱ्हाइकापुढें मांडावयास हवा होता. ज्याच्या जिन्यावरचा दिवा रात्रभर जळतो आणि जेथें शिडी लावल्याखेरीज हात पोंचत नाहीं, त्याला मंद पण दीर्घायुषी बल्ब हवा असेल. ज्याला वाचावयाचें आहे त्याला प्रखर हवा असेल. ही निवड ज्याची त्यानें करावयाची. संघानें ती जिनिव्हाच्या बंद दालनांत केली, वर किंमतीहि परस्पर ठरविल्या, आणि दंडाचें भय घालून कोणास निराळा बल्ब करूं दिला नाहीं.

या संघास पहिला अडथळा ना सरकारनें केला, ना न्यायालयानें. तो केला स्वीडनमधील सामान्य कुटुंबांनीं. तेथील ग्राहकांच्या सहकारी संस्थेनें स्टॉकहोम येथें ‘लुमा’ नांवाचा आपला स्वतःचा बल्बांचा कारखाना उभारला आणि १९३१ मध्यें उत्पादन सुरू केलें. परिणामीं स्वीडनमध्यें संघाच्या बल्बांचे भाव तात्काळ उतरले. पुढें १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें आणि १९५५ पर्यंत चालावयाचा हा संघ मोडला. अमेरिकेंतील एका न्यायालयानें १९४९ मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनीस बल्बांच्या व्यापारांत मक्तेदारी केल्याबद्दल दोषी ठरविलें.

हिंदुस्थानांतहि त्याच काळीं देशी बल्ब निघूं लागले होते. म्हैसूर संस्थानच्या पुढाकारानें १९३६ मध्यें म्हैसूर लॅम्पचा कारखाना निघाला; १९३८ मध्यें स्थापन झालेली रेडिओ लॅम्प वर्क्स ही कंपनी पुढें बजाज इलेक्ट्रिकल्स या नांवानें ओळखली जाऊं लागली. आपल्या बल्बाची टोपी इंग्लंडच्या वळणाची, दोन पिनांची. बंदुकीस संगीन बसवितात तशी ती दाबून फिरवून बसवावयाची. अमेरिकेंत व युरोपांत एडिसन यांच्या वळणाची पेचाची टोपी चालते. आपल्या बाजारांत आतां दोन्हीहि मिळतात, म्हणून घरचा होल्डर पाहूनच बल्ब आणावा. पूर्वीं निरनिराळ्या शहरांतील विजेचा दाबहि निरनिराळा असे. एका गांवीं घेतलेला बल्ब दुसऱ्या गांवीं मंद जळे किंवा आठवड्यांत उडे, आणि शिव्या खाई बिचारा दुकानदार. दाबाचा आयुष्याशीं कसा संबंध आहे हें वर सांगितलेंच आहे. बल्बावर छापलेला व्होल्टचा आंकडा वाचण्याचें कारण तेंच.

यापुढील कथा वेगानें बदलत गेली. १९३८ मध्यें अमेरिकेंत बाजारांत आलेल्या ट्यूबलाइटनें तंतु तापवून उजेड काढण्याची रीतच सोडली. नळींतील पाऱ्याच्या वाफेंतून वीज जाऊन तिच्या आंतील पांढरा लेप प्रकाशतो. तीच नळी वळवून केलेला सी. एफ. एल. दिवा १९८० पासून घरगुती वापरांत आला. २००९ मध्यें भारत सरकारनें ‘बचत लॅम्प योजना’ सुरू करून तो साध्या बल्बाच्या भावांत, पंधरा रुपयांस, देवविला. त्यांत थोडा पारा असतो. म्हणून तो फुटल्यास खिडक्या उघडाव्या आणि तुकडे उघड्या हातानें वेंचूं नयेत. त्यानंतर आला एल. ई. डी. लाल एल. ई. डी. १९६२ मध्यें निक होलोन्याक यांनीं दाखविला होता. पण पांढऱ्या उजेडासाठीं निळा पाहिजे होता. तो साधण्यास पुढें तीस वर्षें लागलीं, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

एल. ई. डी. बल्ब आरंभीं फार महाग होता. भारतांत सरकारी खरेदींत त्याची किंमत २०१४ मध्यें ३१० रुपये होती. ५ जानेवारी २०१५ रोजीं ‘उजाला’ योजना सुरू झाली. लाखों बल्बांची एकदम मागणी नोंदविल्यानें ती किंमत २०१६ मध्यें ३८ रुपयांवर आली. पुढें या योजनेंत ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. एडिसन यांच्या १ डॉलर १० सेंटांची आणि ३७ सेंटांची येथें आठवण होते. साठ वॅटच्या जुन्या बल्बाचा उजेड आतां सात ते नऊ वॅटांत मिळतो. नऊ वॅटचा बल्ब हजार तासांत नऊ युनिट घेतो. आठ रुपये दरानें ४८० च्या ठिकाणीं ७२ रुपये झाले.

परंतु या आंकड्यांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. एल. ई. डी. मध्यें उजेड आणि आयुष्य यांचें जुनें वैर उरलें नाहीं. त्याचा प्रकाशकण जितका थंड आणि हलक्या विजेवर चालेल, तितका तो त्याच विजेंत अधिक उजेड देतो आणि शिवाय अधिक टिकतो. मग पंचवीस हजार तासांची ग्वाही देणारा बल्ब दोन वर्षांतच कां जातो? बहुधा प्रकाशकण शाबूत असतात. जातो तो बल्बाच्या बुडाशीं असलेला विद्युत्-मंडलाचा भाग, आणि तोहि उष्णतेनें. किंमत कमी ठेवण्यासाठीं प्रकाशकण थोडे घालावयाचे आणि त्यांच्यावर विजेचा भार जास्त टाकावयाचा, म्हणजे ही उष्णता वाढते. तेव्हां आतां उजेड आणि आयुष्य एका पारड्यांत असून दुसऱ्या पारड्यांत फक्त खरेदीची किंमत आहे. २०१६ मध्यें दुबईच्या नगरपालिकेनें फिलिप्स कंपनीकडून असा बल्ब करवून घेतला कीं, ज्यांत प्रकाशकण अधिक घालून ते हलक्या विजेवर चालविले होते. तीन वॅटांत सहाशें ल्यूमेन उजेड त्यानें दिला. नेहमींच्या बल्बाच्या दुप्पट. जी कंपनी एके काळीं हजार तासांच्या दंडकांत सामील होती, तिनेंच हा बल्ब केला, कारण मागणारा जागा होता.

गृहस्थानें यांतून घ्यावयाचें तें थोडकें आहे. बल्ब वॅटवर न घेतां ल्यूमेनवर घ्यावा. वॅट हा खर्च आहे, ल्यूमेन हा उजेड. ल्यूमेनला वॅटनें भागून जो आंकडा जास्त येईल तो बल्ब बरा, आणि असा बल्ब बहुधा कमी तापतो. वाचनाच्या व स्वयंपाकाच्या जागीं उजेड भरपूर असावा. निजण्याच्या खोलींत २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश डोळ्यांस सुखाचा, तर ६५०० केल्विनचा पांढरा शुभ्र. चारी बाजूंनीं बंद अशा कांचेच्या हंडींत एल. ई. डी. कोंडला तर त्याचें आयुष्य घटतें, कारण उष्णतेस वाट मिळत नाहीं. पावती व खोका जपून ठेवावा. हमीच्या मुदतींत बल्ब गेला तर बदलून मागावा, लाजूं नये. आणि बल्ब बदलतांना, तो कोणताहि असो, बटन बंद करून, होल्डर जुना असेल तर मुख्य स्विचहि बंद करून, कोरड्या हातानें आणि पक्क्या स्टुलावर उभें राहूनच बदलावा.

तेलाच्या दिव्याच्या काळीं गृहिणीस बुधलींतील तेल दिसत असे, म्हणून तिला कोणी फसवूं शकत नसे. विजेच्या दिव्यानें तेल अदृश्य केलें, आणि त्या अदृश्यतेंत जिनिव्हाच्या संघास जागा सांपडली. स्वीडनच्या कुटुंबांनीं हिशेब स्वतः मांडला तेव्हां ती जागा बंद झाली. आज तो हिशेब खोक्याच्या पाठीवर छापलेला असतो. तो वाचण्यास जो उजेड लागतो, तेवढा प्रत्येकाच्या घरीं आहे.